नियमाचा प्रश्न मनावर कसा गेला: क्रिटिकल रेस थिअरीचा वाद

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जनरल मोटर्सच्या सेंट लुईसमधल्या कारखान्यात कामगारकपात झाली. नियम सगळ्यांना एकच होता: जो शेवटी लागला तो आधी जाणार. त्यात वंशाचा उल्लेख नव्हता, स्त्री-पुरुष भेद नव्हता. कुठल्याही कारखान्यात चालतो तसा सेवाज्येष्ठतेचा साधा नियम. पण १९६४ च्या आधी ही कंपनी कृष्णवर्णीय स्त्रियांना कामावर घेतच नव्हती. त्यामुळे यादी खालून कापायला घेतल्यावर १९७० नंतर लागलेल्या कृष्णवर्णीय स्त्रिया एकूण एक बाहेर पडल्या. पाच जणी कोर्टात गेल्या.

१९७६ साली निकाल लागला. स्त्री म्हणून भेदभाव झाला म्हणता? कंपनीनं स्त्रियांना नोकऱ्या दिलेल्या आहेत. (त्या स्त्रिया गोऱ्या होत्या, हा मुद्दा कोर्टाला महत्त्वाचा वाटला नाही.) कृष्णवर्णीय म्हणून भेदभाव झाला म्हणता? त्याचा वेगळा खटला चालू आहे, त्यात सामील व्हा. कृष्णवर्णीय स्त्री म्हणून? असा वर्ग कायद्यात नाही, आणि एकदा तो मान्य केला की परम्युटेशन-कॉम्बिनेशन करत कितीही नवे वर्ग उभे राहतील, असं कोर्टानं म्हटलं. कारखान्यात यंत्रांवर कृष्णवर्णीय पुरुष, ऑफिसात गोऱ्या स्त्रिया, आणि या दोन्ही दारांच्या मधल्या बायकांना कायद्यात जागाच नाही, अशी ती स्थिती होती. कायद्याच्या अभ्यासक किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ च्या निबंधात हा खटला उलगडला आणि चौकातल्या अपघाताची उपमा दिली. गाडी कुठल्या रस्त्यानं आली हे सांगता आलं नाही, म्हणून जखमीला भरपाईच नाकारायची का? इंटरसेक्शनॅलिटी (एकाच माणसावर दोन भेदभाव एकत्र येऊन पडणं) हा आज ज्याच्या त्याच्या तोंडी असलेला शब्द तिथून आला.

क्रिटिकल रेस थिअरी, जिला मराठीत कुणी चिकित्सक वंशसिद्धान्त म्हणतात, ती अशा खटल्यांच्या कागदांतून आलेली आहे. १९६४ चा नागरी हक्क कायदा आला, १९६५ चा मतदान हक्क कायदा आला, १९६८ चा घरांविषयीचा कायदा आला. पुस्तकातला भेदभाव गेला. तरी घरं, शाळा, पगार, तुरुंग यांतली दरी वंशाच्या रेषेवरच का राहिली, हा तिचा मूळ प्रश्न. उत्तर शोधताना ही मंडळी बघतात ती प्रामुख्यानं नियमांकडे: भरतीची अट, परीक्षा, कर्जाचा निकष, शिक्षेचं प्रमाण, पुरावा कशाला म्हणायचं याची व्याख्या. हा सिद्धान्त शाळांत आणि प्रशिक्षणवर्गांत शिकवावा का, यावर २०२० नंतर अमेरिकेत जो वाद पेटला तो मात्र जवळजवळ सगळा मनाविषयी आहे. अपराधी वाटणं, लाज वाटणं, कुणाच्या आत दडलेला पूर्वग्रह. नियमाचा प्रश्न असा मनावर गेला आणि त्यात मूळ विषयच हातातून निसटला, असं मला वाटतं.

हेतू की परिणाम

सगळा गाभा या एका जोडीत आहे. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं पाच वर्षांच्या अंतरानं दोन निकाल दिले, ते शेजारी ठेवले की गोष्ट लख्ख दिसते.

पहिला १९७१ चा, ड्यूक पॉवर या वीजकंपनीविरुद्धचा. उत्तर कॅरोलिनातल्या तिच्या केंद्रात कृष्णवर्णीय कामगार फक्त अंगमेहनतीच्या विभागात असत, आणि तिथला सर्वांत जास्त पगार इतर विभागांतल्या सर्वांत कमी पगारापेक्षाही कमी होता. नागरी हक्क कायद्याचा नोकऱ्यांविषयीचा भाग २ जुलै १९६५ ला लागू झाला. त्याच दिवसापासून कंपनीनं बऱ्या विभागांतल्या नव्या भरतीसाठी बुद्धिमापन चाचण्यांची अट घातली. शालान्त प्रमाणपत्राची अट होतीच. कोर्टानं एकमतानं सांगितलं की अट कामाशी संबंधित नसेल आणि तिचा भार एकाच गटावर पडत असेल, तर कंपनीचा हेतू कितीही स्वच्छ असो, ती अट या कायद्याखाली टिकत नाही.

दुसरा १९७६ चा. वॉशिंग्टन शहरात पोलीसभरतीसाठी शब्दज्ञानाची एक लेखी परीक्षा होती. तीत कृष्णवर्णीय उमेदवार गोऱ्यांच्या सुमारे चौपट प्रमाणात नापास होत. इथे दावा राज्यघटनेतल्या समान संरक्षणाच्या तत्त्वावर होता, आणि कोर्टानं उलटा निकष लावला: नुसता असमान परिणाम पुरेसा नाही, भेदभावाचा हेतू सिद्ध करा.

अ‍ॅलन फ्रीमन यांनी १९७८ मध्ये या फरकाला नाव दिलं. करणाऱ्याच्या बाजूनं बघितलं तर भेदभाव म्हणजे एका वाईट माणसाची एक वाईट कृती. ती शोधा, थांबवा, संपलं. सोसणाऱ्याच्या बाजूनं बघितलं तर भेदभाव म्हणजे परिस्थिती: नोकरी नाही, घर नाही, शाळा पडकी. कृती थांबली तरी परिस्थिती राहते. कायदा पहिल्या बाजूनं बघतो, आणि मग दुसऱ्या बाजूचं जे उरतं ते कुणाचीच चूक नाही असं ठरतं.

हे कुठवर जातं ते १९८७ च्या मॅक्लेस्की खटल्यात दिसतं. जॉर्जियात एका पोलीस अधिकाऱ्याच्या खुनासाठी वॉरेन मॅक्लेस्की या कृष्णवर्णीय माणसाला फाशीची शिक्षा झाली होती. मारला गेलेला अधिकारी गोरा होता. बचावपक्षानं डेव्हिड बाल्डस आणि सहकाऱ्यांचा अभ्यास कोर्टापुढे ठेवला. त्यात राज्यातली २,००० हून अधिक खुनाची प्रकरणं तपासलेली होती. गुन्ह्याची क्रूरता, आरोपीचा पूर्वेतिहास असे वंशाशी संबंध नसलेले घटक हिशेबात धरूनही, बळी गोरा असेल तर मृत्युदंडाची शक्यता ४.३ पट निघत होती. कोर्टानं अभ्यास बरोबर आहे असं धरून चालून ५ विरुद्ध ४ मतांनी अपील फेटाळलं. कारण या आरोपीच्या खटल्यात, या ज्यूरीनं, वंश बघूनच शिक्षा दिली हे त्यातून सिद्ध होत नव्हतं. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती लुईस पॉवेल यांनी निवृत्तीनंतर आपल्या चरित्रकाराला सांगितलं की एखादं मत बदलता आलं तर हे बदलेन. तोवर उशीर झाला होता. मॅक्लेस्कीला १९९१ मध्ये मृत्युदंड दिला गेला.

सिद्धान्त पटो न पटो, हा प्रश्न खोटा म्हणता येणार नाही. आकडे मान्य आणि दाद मात्र नाही, यातून मार्ग काय?

बेल यांचा कटू हिशेब

डेरिक बेल हे या विचाराचे आद्य शिक्षक. प्राध्यापक होण्याआधी ते वकील होते आणि शाळांतलं वेगळेपण मोडण्याच्या ३०० हून अधिक खटल्यांवर त्यांनी देखरेख केली. १९७१ मध्ये हार्वर्ड लॉ स्कूलमध्ये कायमची नेमणूक मिळालेले ते पहिले कृष्णवर्णीय प्राध्यापक. १९८० मध्ये त्यांनी लिहिलेला निबंध आजही अंगावर येतो. १९५४ चा ब्राउन निकाल, ज्यानं शाळांतली वंशवार विभागणी घटनाबाह्य ठरवली, तो तेव्हाच का आला? बेल यांचं उत्तर: कृष्णवर्णीयांचं हित गोऱ्या सत्ताधाऱ्यांच्या हिताशी जुळलं, तेव्हाच दार उघडलं. शीतयुद्ध चालू होतं, आशिया-आफ्रिकेतले नवस्वतंत्र देश बघत होते.

तेव्हा हा तर्क होता. मेरी डुडझियाक या इतिहासकार-कायदेतज्ज्ञ बाईंनी नंतर सरकारी कागदपत्रं काढली आणि १९८८ मध्ये पुरावे मांडले. ब्राउन खटल्यात सरकारनं डिसेंबर १९५२ मध्ये कोर्टाला जे निवेदन दिलं, त्यातच म्हटलेलं आहे की देशातला वंशभेद कम्युनिस्ट प्रचाराच्या जात्यात दाणे घालतो. निकाल लागल्यावर तासाभरात व्हॉइस ऑफ अमेरिका या सरकारी रेडिओनं तो परदेशी भाषांत प्रसारित केला.

बेल १९८० मध्ये हार्वर्ड सोडून ओरेगॉनला डीन म्हणून गेले. त्यांचा विषय शिकवायला कृष्णवर्णीय प्राध्यापक नेमा, ही विद्यार्थ्यांची मागणी मान्य झाली नाही, तेव्हा विद्यार्थ्यांनी स्वतःच पर्यायी वर्ग भरवला आणि बाहेरचे अध्यापक बोलावून बेल यांच्या पुस्तकातली प्रकरणं शिकून घेतली. क्रेनशॉ त्या विद्यार्थ्यांत होत्या. मारी मात्सुदा, रिचर्ड डेलगाडो, चार्ल्स लॉरेन्स ही पुढची मोठी नावंही त्या वर्गाशी जोडलेली. १९८९ च्या जुलैत विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनजवळच्या एका कॉन्व्हेंटमध्ये दोन डझनांच्या आसपास लोक जमले, आणि या प्रवाहाला त्याचं नाव मिळालं. ज्या शब्दावर पुढे निवडणुका लढवल्या गेल्या, त्याची पहिली बैठक एवढी छोटी होती.

‘गोरा’ म्हणजे कोण?

वंश ही निसर्गानं आखलेली रेषा नसून समाजानं आणि कायद्यानं घडवलेली गोष्ट आहे, हे या सिद्धान्ताचं दुसरं मोठं म्हणणं. ऐकायला हवेतलं वाटतं, पण दोन निकाल वाचले की जमिनीवर येतं.

१७९० च्या कायद्यानुसार परदेशात जन्मलेल्यांपैकी नागरिकत्व मिळे ते फक्त ‘स्वतंत्र गोऱ्या व्यक्तीं’ना. १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. उरलेल्यांना आपण गोरे आहोत हे कोर्टात सिद्ध करावं लागे. ताकाओ ओझावा जपानमध्ये जन्मले, कॅलिफोर्नियात शिकले, हवाईत स्थायिक झाले, घरात इंग्रजी बोलत. माझी त्वचा अनेक गोऱ्यांपेक्षा उजळ आहे, असंही त्यांनी मांडलं. १३ नोव्हेंबर १९२२ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की रंगावर जाऊ नका. गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, आणि जपानी माणूस कॉकेशियन नाही.

मग भगतसिंग थिंड उभे राहिले. पंजाबात जन्म, १९१३ मध्ये अमेरिकेत आगमन, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात नोकरी. त्या काळच्या मानववंशशास्त्राच्या पुस्तकांत उत्तर भारतीयांना कॉकेशियन म्हटलेलं होतं. ओझावा निकालाची कसोटी लावली तर थिंड गोरे ठरायला हवे होते. १९ फेब्रुवारी १९२३ ला, म्हणजे बरोबर ९८ दिवसांनी, त्याच कोर्टानं सांगितलं की शास्त्र काय म्हणतं ते सोडा. सामान्य माणूस ‘गोरा’ म्हटल्यावर ज्याला समजतो तोच गोरा. दोन्ही निकाल एकमतानं, आणि दोन्ही लिहिणारे न्यायमूर्ती एकच: जॉर्ज सदरलँड. ओझावांना शास्त्रानं अडवलं आणि थिंड यांच्या वेळी शास्त्रच बाजूला ठेवलं. यानंतर आधीच नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचं नागरिकत्व काढून घेण्याची कारवाई सुरू झाली. भारतीयांना नागरिकत्वाचा रस्ता १९४६ च्या कायद्यानं उघडला.

इयान हेनी लोपेझ यांनी १९९६ मध्ये १८७८ ते १९५२ या काळातले असे ५२ खटले एकत्र अभ्यासले. वंश घडवला जातो म्हणजे नेमकं काय, हे कुणी विचारलं तर व्याख्या सांगण्यापेक्षा हे दोन निकाल हातात द्यावेत, असं माझं मत आहे.

टीका, खरी टीका

या सिद्धान्तावरची सर्वांत धारदार टीका टीव्हीवर झालेली नाही. ती कायद्याच्या नियतकालिकांत झाली, आणि अनेकदा कृष्णवर्णीय प्राध्यापकांनीच केली. रँडल केनेडी यांनी १९८९ मध्ये हार्वर्ड लॉ रिव्ह्यूमध्ये विचारलं: लेखक अमुक वंशाचा आहे म्हणून त्याच्या लिखाणाला जास्त वजन का द्यायचं? वजन युक्तिवादाला हवं. डॅनियल फार्बर आणि सुझॅना शेरी यांनी १९९७ मध्ये गोष्टीरूप मांडणीवर बोट ठेवलं. अनुभवकथन प्रभावी असतं, पण ते प्रातिनिधिक आहे की नाही हे तपासायचं कसं? आणि गुणवत्ता ही निव्वळ सत्ताधाऱ्यांनी रचलेली कल्पना असेल, तर ज्यू किंवा आशियाई लोकांच्या यशाचं काय स्पष्टीकरण देणार, असा त्यांचा प्रश्न होता. जस्टिन ड्रायव्हर यांनी २०११ मध्ये बेल यांच्या हितसंबंधांच्या मांडणीचीच चिरफाड केली: ‘गोऱ्यांचं हित’ असं एकसंध काही असतं का, आणि प्रत्येक सुधारणा नंतर हिताच्या खात्यात टाकता येत असेल तर ही मांडणी चूक ठरेल तरी कधी?

यातली शेवटची टीका मला सर्वांत जड वाटते. बेल यांनी १९९२ मध्ये वंशभेद अमेरिकेत कायमचाच आहे असं मांडलं. ते त्यांच्या आयुष्याच्या हिशेबातून आलं हे समजतं, पण ‘कायमचा’ हा शब्द पुराव्याच्या पलीकडे जातो.

समर्थकांच्या बाजूनं आणखी एक चूक नेहमी होते. गृहकर्जाच्या लाल नकाशांचं उदाहरण घ्या. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी गृहकर्ज महामंडळानं २०० हून अधिक शहरांचे नकाशे केले: हिरवा उत्तम, मग निळा, मग पिवळा, आणि लाल म्हणजे धोक्याचा. कृष्णवर्णीय वस्त्या जवळजवळ सरसकट लाल. आजच्या संपत्तीतली दरी या नकाशांनी तयार केली, असं सर्रास सांगितलं जातं. पण या महामंडळाची बहुतेक कर्जं नकाशे तयार होण्याआधीच दिली गेली होती आणि त्यांतली काही कृष्णवर्णीय घरमालकांनाही मिळाली होती. जास्त नुकसान केलं ते १९३४ मध्ये सुरू झालेल्या संघीय गृहनिर्माण प्रशासनानं. कर्जाला विमासंरक्षण कुठे द्यायचं हे ते ठरवी, आणि त्याच्या अधिकृत नियमपुस्तिकेत वंशवार करारांची (घर अमुक वंशाच्या माणसाला विकायचं नाही, अशा करारांची) शिफारस होती. लाल नकाशा चित्र म्हणून डोळ्यांत भरतो, पुस्तिकेतलं कलम भरत नाही. पण मुद्दा नियमाचा असेल तर दाखवायचं ते कलमच.

नाव घसरलं ते असं

१९९५ मध्ये ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज आणि विल्यम टेट यांनी ही चौकट शिक्षणशास्त्रात आणली: मालमत्ताकरावर चालणाऱ्या शाळा, शिस्तीच्या कारवाया, हुशार मुलांच्या वेगळ्या तुकड्या. तिथून ती शिक्षकांच्या प्रशिक्षणात झिरपली. त्यामुळे ‘हा विधी महाविद्यालयातला विषय आहे, शाळेत नाहीच’ हे उत्तर अर्धं खरं आहे. पाचवीच्या मुलांना कुणी मॅक्लेस्की खटला शिकवत नव्हतं हे बरोबर. पण २०२१ च्या उन्हाळ्यात देशातल्या सर्वांत मोठ्या शिक्षक संघटनेनंच या चौकटीचा आधार घेण्याच्या बाजूनं ठराव केला, तेव्हा पालकांनी संशय घेतला तर त्यांना वेड्यात काढण्याचं कारण नव्हतं.

मोठी घसरण प्रशिक्षणवर्गांमुळे झाली. २५ मे २०२० ला मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसाच्या हातून खून झाला आणि कंपन्या, महापालिका, शाळा यांनी घाईघाईनं वंशभेदावरचे वर्ग लावले. सिअ‍ॅटल शहरात गोऱ्या कर्मचाऱ्यांसाठी वेगळं सत्र झालं. विषय होता त्यांनी आत्मसात केलेली वांशिक श्रेष्ठत्वाची भावना. वॉशिंग्टनमधल्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयानं वेबसाइटवर एक तक्ता ठेवला, त्यात कष्टाळूपणा आणि तर्कशुद्ध विचार ही ‘गोऱ्या संस्कृती’ची लक्षणं म्हणून दिली होती. टीका झाल्यावर जुलै २०२० मध्ये तो काढला गेला. तो तक्ता चूकच होता. तर्कशुद्ध विचार कुठल्याही वंशाच्या नावावर लिहून देता येत नाही, आणि कृष्णवर्णीयांच्या संग्रहालयानं तो लिहून द्यावा हे तर दुःखद आहे.

या वर्गांचा उपयोग किती? फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कॅलेव्ह या समाजशास्त्रज्ञांनी ८०० हून अधिक अमेरिकी कंपन्यांची तीन दशकांची माहिती तपासली. व्यवस्थापकांसाठी सक्तीचं प्रशिक्षण सुरू करून पाच वर्षं झाल्यावर व्यवस्थापनातल्या कृष्णवर्णीय स्त्रियांचं प्रमाण सरासरी ९ टक्क्यांनी घटलेलं निघालं. म्हणजे सेंट लुईसच्या त्या पाच जणींच्या वारसदारांना याचा तोटाच झाला. कारण उघड आहे. सेवाज्येष्ठतेची यादी, परीक्षेचा निकष, बढतीची समिती तशीच ठेवायची आणि माणसांना दोन तास बसवून मनं तपासायची. सिद्धान्ताचा मूळ रोख याच्या नेमका उलट होता. चार्ल्स लॉरेन्स यांनी १९८७ मध्ये नकळत चालणाऱ्या वंशभेदावर लिहिलं हे खरं, पण त्यांनी त्यातून सुचवली ती कोर्टानं वापरायची कसोटी; कर्मचाऱ्यांची कबुलीसभा नव्हे.

क्रिस्टोफर रुफो या कार्यकर्त्यानं या वर्गांचे कागद मिळवले, छापले, आणि सगळ्याला एकच नाव दिलं. मार्च २०२१ मध्ये त्यानं ट्विटरवर उघडपणे लिहिलं की लोकांनी वर्तमानपत्रात काही विचित्र वाचलं की त्यांना लगेच क्रिटिकल रेस थिअरी आठवावी, हे उद्दिष्ट आहे. दरम्यान २२ सप्टेंबर २०२० ला सरकारी खात्यांतल्या अशा प्रशिक्षणाविरुद्ध अध्यक्ष ट्रम्प यांचा १३९५० क्रमांकाचा आदेश निघाला. त्यात नऊ ‘फूट पाडणाऱ्या संकल्पनां’ची यादी होती. बायडन यांनी २० जानेवारी २०२१ ला तो रद्द केला, पण यादी जगली. आयडाहो, ओक्लाहोमा, टेक्सस, न्यू हॅम्पशायर, फ्लोरिडा आणि इतर राज्यांच्या कायद्यांत तिचीच वाक्यं थोड्याफार फरकानं उतरली.

कलमं अशी वाचायची

ओक्लाहोमाचा मे २०२१ चा कायदा घ्या. त्यातल्या गाजलेल्या कलमात म्हटलं आहे की एखाद्या व्यक्तीला तिच्या वंशामुळे किंवा लिंगामुळे अस्वस्थता, अपराधीपणा, मनस्ताप वाटायला हवा, असं शिकवू नये. ‘वाटायला हवा’ इथे थांबा. ‘वाटेल असं काही शिकवू नये’ असं कायदा म्हणत नाही. १९२१ मध्ये ओक्लाहोमातल्याच तल्सा शहरात ग्रीनवूड या कृष्णवर्णीय वस्तीत गोऱ्या जमावानं सुमारे ३५ चौक जाळले, माणसं मारली. ते ऐकून चौदा वर्षांच्या मुलाला वाईट वाटलं तर कायदा मोडत नाही. ‘तू गोरा आहेस म्हणून तुला याची लाज वाटायलाच हवी’ असं शिक्षक म्हणाला तर मोडतो. त्याच कायद्यात राज्याच्या अभ्यासक्रमातलं काहीही शिकवायला मुभा आहे असंही कलम आहे, आणि तल्साचं हत्याकांड त्या अभ्यासक्रमात आहे.

मग घोटाळा कुठे होतो? कलम वाचतो वकील, पण तक्रार करतो पालक, आणि तक्रारीला घाबरतो मुख्याध्यापक. तक्रारीत ‘माझ्या मुलाला वाईट वाटलं’ एवढंच असतं. शाळेची मान्यता पणाला लागलेली असताना कुणी त्या क्रियापदावर वाद घालत बसत नाही. धडाच गाळला जातो. तल्साच्या शाळांबाबत हेच पुढे आलं. मुलांच्या धड्याविषयी तक्रार नव्हतीच, शिक्षकांच्या एका प्रशिक्षणाविषयी होती; तरी जुलै २०२२ मध्ये राज्य मंडळानं पूर्ण शाळा-जिल्ह्याची मान्यता ‘इशाऱ्यासह’ या पायरीवर उतरवली. टेक्ससमध्ये वेगळी गल्लत झाली. तिथल्या कायद्यात चालू, वादग्रस्त विषय निरनिराळ्या बाजूंनी मांडावेत असं होतं. ऑक्टोबर २०२१ मध्ये साउथलेकच्या एका अधिकारी बाईंनी शिक्षकांना सांगितलं की होलोकॉस्टवरचं (नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारावरचं) पुस्तक ठेवाल तर विरुद्ध बाजूचंही ठेवा. होलोकॉस्ट हा चालू वाद नाही. जिल्ह्याला माफी मागावी लागली, पण भीतीनं वाचलं की कलम असं वाचलं जातं.

दुसरा शब्द ‘उपजत’. अमुक वंशाची माणसं उपजतच वंशवादी किंवा जुलमी असतात असं शिकवायला बहुतेक कायदे बंदी घालतात. ही बंदी त्या प्रशिक्षणवर्गांतल्या काही वाक्यांना लागते. बेल, क्रेनशॉ, हेनी लोपेझ यांच्या मांडणीला ती कशी लागेल? वंशात उपजत काहीच नाही, हेच तर त्यांचं म्हणणं.

कोर्टांत या कायद्यांचं सगळं टिकलेलं नाही. फ्लोरिडाच्या २०२२ च्या कायद्यातला विद्यापीठांचा भाग त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संघीय न्यायाधीशांनी रोखला, आणि खासगी कंपन्यांच्या प्रशिक्षणावरची बंदी मार्च २०२४ मध्ये अपील कोर्टानं अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर अडवली. न्यू हॅम्पशायरचा कायदा मे २०२४ मध्ये अस्पष्ट म्हणून घटनाबाह्य ठरला. तिथे शिक्षकाचा परवाना जाऊ शकत होता, आणि नेमकं काय केल्यानं जाईल हे कलमावरून कळत नव्हतं. ओक्लाहोमाची काही कलमं जून २०२४ मध्ये रोखली गेली. दुसऱ्या बाजूनं, जानेवारी २०२५ मध्ये शाळांतल्या अशा शिकवणीविरुद्ध नवा संघीय आदेश निघाला.

एखादी तक्रार बातमीत आली तर आधी चार गोष्टी मिळवाव्यात. वर्गात प्रत्यक्ष वापरलेला कागद. त्याची प्रसारमाध्यमांतली सारांशवजा आवृत्ती चालणार नाही. इयत्ता. तो कागद कुणाचा: जिल्ह्याच्या अभ्यासक्रमातला, बाहेरच्या सल्लागाराच्या स्लाइड्समधला, की शिक्षकानं स्वतः आणलेला. आणि तक्रारीत उद्धृत केलेलं कलम, पूर्ण वाक्यासह. कागद मागायचा तर राज्याच्या सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली अर्ज करायचा. संघीय माहिती कायदा शाळा-जिल्ह्यांना लागू नाही, आणि तिथेच अर्ज करून अनेकांचे महिने वाया जातात. कागद हातात आला की त्यातलं प्रत्येक वाक्य कशाविषयी आहे ते बघायचं. ‘या नियमामुळे असं झालं’ हे वाक्य पुराव्यानं खरं किंवा खोटं ठरवता येतं. ‘तुझ्यासारखे लोक असे असतात’ याला पुराव्याची सोयच नसते, आणि ते कुणाविषयीही असलं तरी वर्गात येता कामा नये.

ओझावा आणि थिंड यांच्या निकालांचा एक तास घ्यायचा झाला तर तो असा घेता येईल. नववी-दहावीचा वर्ग. दोन्ही निकालांतला एकेक परिच्छेद, एका पानावर डावी-उजवीकडे, तारखांसह. पहिली १५ मिनिटं फक्त ओझावा. मुलांनी ‘गोरा’ची व्याख्या त्या निकालाच्या शब्दांत लिहून काढायची. मग तीच व्याख्या थिंड यांना लावून कोर्टानं काय ठरवायला हवं होतं ते लिहायचं. त्यानंतरच उजवीकडचा परिच्छेद वाचायचा. शेवटी १७९० च्या कायद्यातला तो एक शब्द फळ्यावर लिहून विचारायचं की व्याख्या कोण बदलत होतं आणि त्यामुळे बाहेर कोण राहत होतं. या तासात कुणाच्या वंशाविषयी एकही विधान नाही, कुणाला काय वाटावं याची सूचना नाही. वर लिहिलेल्या दोन्ही कलमांत तो सहज बसतो. तरी अशा राज्यातली शिक्षिका तो घेण्याआधी मुख्याध्यापकांना ईमेल पाठवून परवानगी मागेल, उत्तर येईपर्यंत घटक संपून पुढचा सुरू झालेला असेल.